एका माणसाचे पाच पगार: नियम बदलले की पगारपत्रक कसं जुळवून घ्यावं

तीस-चाळीस माणसांच्या कारखान्यात पगाराची एक एक्सेल फाइल असते. पाच-सात वर्षांपूर्वी कुणीतरी बनवलेली असते आणि दर महिन्याला मागच्या महिन्याची कॉपी मारून नवा महिना तयार होतो. 12 टक्के, 15,000, 200 रुपये असे आकडे थेट सूत्रांत टाइप केलेले असतात. नियम बदलला की मालक अकाउंटंटला सांगतो, ‘ते बदलून टाक.’ अकाउंटंट एका रकान्यात बदलतो आणि उरलेले तीन तसेच राहतात.

अशा फायली मी बरीच वर्षं दुरुस्त करतोय. गोंधळाचं मूळ जवळपास प्रत्येक वेळी एकच असतं. फाइलमध्ये ‘पगार’ नावाचा एकच रकाना असतो. कायद्यापुढे मात्र त्याच माणसाचे किमान पाच पगार असतात: पीएफचा (भविष्य निर्वाह निधी), ईएसआयचा (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा), व्यवसाय कराचा, आयकराचा आणि ग्रॅच्युइटीचा (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम). एक नियम बदलला की यातला कुठला पगार हलला, हे आधी ओळखायचं. सूत्राला हात त्यानंतर.

पहिलं काम: आकडे सूत्रांतून बाहेर काढा

फाइलमध्ये ‘नियम’ नावाची एक नवी शीट करा. चार रकाने पुरतात: नियमाचं नाव, आकडा, कोणत्या तारखेपासून, आणि कोणत्या आदेशाने. पीएफची वेतनमर्यादा, म्हणजे ज्या वेतनापर्यंत पीएफ कापणं सक्तीचं ती रक्कम, 6,500 वरून 15,000 झाली ती 1 सप्टेंबर 2014 पासून. म्हणजे या एका नियमाच्या दोन ओळी होतील. जुनी ओळ पुसायची नाही. चार वर्षांपूर्वीच्या महिन्याची चौकशी आली, तर त्या वेळचाच आकडा लागतो. ही मर्यादा वाढवण्याची चर्चा अधूनमधून होतच असते. उद्या ती वाढली, तर तुम्हाला एक ओळ वाढवावी लागेल, चाळीस सूत्रं नाहीत.

तारखेच्या रकान्यात एक मेख आहे. ‘1 तारखेपासून’ म्हणजे नेमकं काय, हे प्रत्येक कपातीत वेगळं असतं. पीएफ ज्या महिन्याचं काम त्या महिन्याला लागतो. पगारावरचा टीडीएस, म्हणजे पगारातून कापायचा आयकर, पैसे देताना कापायचा असतो, म्हणून मार्चचा पगार एप्रिलमध्ये दिला की तिथे गल्लत होते. ईएसआय सहामाहीने चालतो, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. जूनमध्ये कुणाचा पगार ईएसआयच्या 21,000 च्या मर्यादेवर गेला, तरी सप्टेंबरपर्यंत त्याची कपात चालूच ठेवायची. कामगार त्या वाढीव पगारावरची कपात बघून भांडायला येतो, तेव्हा ही ओळ दाखवता आली पाहिजे.

दुसरं काम: पगाराचा प्रत्येक तुकडा तपासा

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि ‘वेतन’ या शब्दाची व्याख्या बदलली. बेसिक, महागाई भत्ता आणि रिटेनिंग अलाउन्स (काम बंद असतानाही माणूस टिकवायला दिलेला भत्ता) वेतनात धरायचे. घरभाडे भत्ता, वाहन भत्ता, ओव्हरटाइम, कमिशन, कामावरच्या खास खर्चापोटी दिलेली रक्कम वगैरे वगळायचं. पण वगळलेल्या रकमांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर वरची रक्कम पुन्हा वेतनात येते.

उदाहरण घेऊ. मालकाचा पीएफ हिस्सा सोपेपणासाठी बाजूला ठेवतो. एका ऑपरेटरला 28,000 मिळतात: बेसिक 9,000, घरभाडे 9,000, वाहन भत्ता 6,000, खास खर्चाचे 4,000. वगळलेलं झालं 19,000. निम्मं म्हणजे 14,000. वरचे 5,000 परत वेतनात, म्हणून वेतन 14,000. आधी त्याचा पीएफ 9,000 वर 12 टक्क्यांनी 1,080 कापला जात होता, आता 1,680 कापला जाईल. हातात 600 कमी आणि मालकाच्या खिशातून 600 जास्त.

सरसकट सगळ्यांचा हातातला पगार घटणार, ही आवई मात्र खोटी. समजा सुपरवायझरला 40,000 मिळतात, बेसिक 15,000 आहे आणि पीएफ 15,000 च्या मर्यादेवरच भरला जातो. त्याचं वेतन नव्या व्याख्येने 20,000 झालं, तरी कपात 1,800 च राहू शकते. झळ बसते ती मर्यादेच्या खाली बेसिक दाबून ठेवलेल्या लोकांना. आपल्याकडच्या बऱ्याच लहान कारखान्यांत बहुतेक कामगार नेमके तिथेच असतात.

आता ‘स्पेशल अलाउन्स’कडे बघा. याला मी पोतं म्हणतो, कारण कुठेच न बसणारी रक्कम त्यात कोंबलेली असते. वगळायच्या यादीत या नावाचं काहीच नाही. शिवाय जुन्या कायद्याखालीही सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2019 मध्ये सांगून ठेवलं होतं की सर्वांना सरसकट मिळणारा भत्ता हा बेसिकचाच भाग. नाव बदलून ‘वॉशिंग अलाउन्स’ केलं म्हणून तो पीएफमधून सुटत नाही. रक्कम खरंच कशासाठी दिली जाते, हे विचारायचं आणि उत्तर कागदावर ठेवायचं.

हीच व्याख्या ग्रॅच्युइटीलाही लागते आणि खरं ओझं तिथे आहे. त्या ऑपरेटरची दहा वर्षं झाली असतील, तर शेवटचं वेतन गुणिले 15 भागिले 26 गुणिले 10. 9,000 वर 51,923 रुपये होतात, 14,000 वर 80,769. शिवाय मुदतीच्या करारावरच्या माणसाला आता एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटी लागू होते. ही तरतूद हिशेबात धरली नसेल, तर आपल्या सीएशी याच वर्षी बोला.

व्यवसाय कराला या व्याख्येचं काही देणंघेणं नाही, तो राज्याच्या कायद्याने चालतो. महाराष्ट्रात पुरुषांना 7,500 पर्यंत माफ, 10,000 पर्यंत 175, त्यावर 200 आणि फेब्रुवारीत 300. स्त्रियांना 1 एप्रिल 2023 पासून 25,000 पर्यंत माफ. तरीही 18,000 पगाराच्या बाईंचे 200 रुपये अजून कापणाऱ्या फायली मी पाहिल्या आहेत. कामगार कल्याण निधीचे कामगाराकडून 25 आणि मालकाकडून 75 फक्त जून आणि डिसेंबरमध्ये.

तिसरं काम: पीएफसाठी माणसं गटांत वाटा

मालकाचे 12 टक्के एका जागी जात नाहीत. 8.33 टक्के पेन्शनला जातात, तेही 15,000 पर्यंतच्या वेतनावर, म्हणजे जास्तीत जास्त 1,250. उरलेले भविष्य निर्वाह निधीत. वर विम्याचे 0.5 टक्के आणि प्रशासन खर्चाचे 0.5 टक्के, हा खर्च महिन्याला किमान 500. आपल्या ऑपरेटरच्या 14,000 वर पेन्शनला 1,166 आणि निधीत 514.

हे सूत्र सगळ्यांना लावलं की चूक झालीच. दोन गट वेगळे काढा. पहिला गट: 1 सप्टेंबर 2014 नंतर पहिल्यांदा पीएफमध्ये आले आणि त्या वेळी वेतन 15,000 हून जास्त होतं अशांचा. ते पेन्शन योजनेत येतच नाहीत, त्यांचे पूर्ण 12 टक्के निधीत जातात. दुसरा गट 58 वर्षं पूर्ण झालेल्यांचा. त्यांचा पेन्शनचा वाटा थांबतो आणि सगळी रक्कम निधीत जाते. दुसऱ्या गटातली चूक मी स्वतः केली आहे. एका फोर्जिंग शॉपमधल्या काकांचे पेन्शनचे पैसे 58 नंतरही आठ महिने जात राहिले. ते निस्तरायला त्याहून जास्त वेळ लागला. तेव्हापासून मी जन्मतारखेच्या शेजारी ‘58 कधी’ असा रकाना ठेवतो आणि तो तीन महिने आधी लाल होतो.

नवा माणूस घेताना फॉर्म 11 (पीएफचं घोषणापत्र) भरून घ्या. आधीचा यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) आहे का आणि आधी पेन्शनचा सदस्य होता का, हे तिथेच कळतं. घाईत ‘नंतर बघू’ म्हटलं, की ते नंतर कधीच येत नाही.

चौथं काम: टीडीएस

आयकराची कोणती व्यवस्था हवी, जुनी की नवी, हे प्रत्येकाकडून वर्षाच्या सुरुवातीला लेखी घ्या. त्याने काही कळवलं नाही, तर नवी व्यवस्था धरायची. त्याला धीरही द्या की ही निवड फक्त कपातीपुरती आहे आणि फक्त पगारदार असेल तर विवरणपत्र भरताना त्याला ती बदलता येते.

2025-26 पासून नव्या व्यवस्थेत 4 लाखांपर्यंत शून्य कर आणि पुढे दर 4 लाखांना 5 टक्क्यांची पायरी, 24 लाखांवर 30 टक्के. 75,000 ची प्रमाणित वजावट आणि 12 लाखांपर्यंतची सूट धरली, की 12,75,000 पर्यंतच्या पगाराला कर नाही. खरी परीक्षा त्याच्या जरा वर असते. समजा एका इंजिनियरला महिना 1,10,000 मिळतात, म्हणजे वर्षाला 13,20,000. वजावटीनंतर 12,45,000. पायऱ्यांनी कर 66,750 येतो. पण 12 लाखांवरच्या 45,000 वर त्याहून जास्त कर घेता येत नाही, म्हणून कर 45,000 आणि 4 टक्के उपकरासह 46,800. महिन्याला 3,900. हा दिलासा सूत्रात नसेल, तर तुम्ही महिन्याला 5,785 कापाल आणि तो इंजिनियर मार्चपर्यंत तुमच्या नावाने बोटं मोडेल.

त्याच इंजिनियरचं बेसिक 55,000 असेल आणि त्याच 13,20,000 मधून कंपनीने बेसिकच्या 14 टक्के त्याच्या एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) भरले, तर वर्षाचे 92,400 वजा होतात. उत्पन्न 11,52,600 वर येतं आणि कर शून्य. नव्या व्यवस्थेत ही 14 टक्क्यांची सवलत खासगी नोकरदारांना 2024 च्या अर्थसंकल्पाने मिळाली, आधी ती 10 टक्के होती. मात्र हे पैसे निवृत्तीपर्यंत अडकतात, ते त्याला आधी सांगा. तरुण माणसाला घराचा हप्ता जास्त जवळचा असू शकतो.

मोठ्या पगाराच्या संचालकांचं एकच बघायचं: पीएफ, एनपीएस आणि सुपरॲन्युएशन (कंपनीचा निवृत्ती निधी) मिळून मालकाचा हिस्सा वर्षाला साडेसात लाखांवर गेला, तर वरची रक्कम करपात्र आहे.

1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या आयकर कायद्याच्या जागी 2025 चा कायदा आला आहे. कलमांचे क्रमांक बदलले आणि ‘कर वर्ष’ हा शब्द आला. पगार स्लिपवर, घोषणापत्रांवर, पत्रांच्या नमुन्यांवर जिथे जुनी कलमं छापलेली आहेत, ते सगळे कागद एकदा चाळून घ्या. कंटाळवाणं काम आहे, एका दुपारचं.

पाचवं काम: एक महिना दोन्ही पगारपत्रकं चालवा

बहुतेक जण हे टाळतात आणि मग महिनाभर फोन घेत बसतात. मागचा महिना घ्या. जुन्या पद्धतीने हिशेब आहेच, तोच महिना नव्या सूत्रांनी पुन्हा काढा. प्रत्येकाच्या हातातल्या रकमेतला फरक एका रकान्यात मांडा आणि फरकानुसार वरून खाली लावा. शून्य फरक आलेल्यांकडे ढुंकून बघू नका. ज्यांचा फरक सर्वांत मोठा, त्या पहिल्या पाच जणांचा हिशेब कागदावर हाताने करा. सूत्रातली चूक बहुतेक तिथेच सापडते. मग महिन्यात मध्येच आलेला एक, मध्येच सोडून गेलेला एक, बिनपगारी रजेवरचा एक आणि 58 पार केलेला एक, असे चार विचित्र नमुने तपासा.

आधी पगार देऊन मग दुरुस्त करू, हा विचार पीएफमध्ये महागात पडतो. त्या महिन्याच्या पगारातून कामगाराचा हिस्सा कापायचा राहिला, तर तो पुढच्या पगारांतून सहसा वसूल करता येत नाही, तो मालकालाच भरावा लागतो. वर उशिराचं वार्षिक 12 टक्के व्याज आणि जून 2024 पासून महिन्याला 1 टक्का दंड. मालकाचा हिस्सा वाढला म्हणून तेवढ्याच कारणाने कामगाराचं वेतन घटवणंही पीएफ कायद्याला चालत नाही.

सहावं काम: माणसांशी बोला

पगार स्लिप हातात पडण्याआधी नोटीस बोर्डवर मराठीत अर्धं पान लावा. ‘भविष्य निर्वाह निधी अंशदानाच्या पुनर्गणनेमुळे’ असलं काही लिहू नका. ‘तुमच्या पगारातून पीएफ 1,080 ऐवजी 1,680 कापला जाईल. कंपनीही तेवढेच जास्त भरेल. म्हणजे दर महिन्याला तुमच्या नावावर 1,200 रुपये जास्त जमा होतील, त्यातला काही भाग पेन्शनचा’ असं लिहा. पगाराच्या दिवशी अकाउंटंटला दोन तास शॉप फ्लोअरवर बसवा. प्रश्न तिथे येतात, ऑफिसच्या काचेच्या दारातून आत येत नाहीत.

तारखा भिंतीवर टांगा: पगार 7 तारखेपर्यंत, टीडीएस 7 तारखेपर्यंत (मार्चचा 30 एप्रिलपर्यंत), पीएफ आणि ईएसआय 15 तारखेपर्यंत. नोकरी सोडणाऱ्याचं वेतन आता दोन कामकाजाच्या दिवसांत चुकतं करायचं असतं, त्यामुळे ‘पुढच्या पगारासोबत फायनल करू’ ही सवय मोडावी लागेल. पीएफचं चलन 15 तारखेला भरायचं असलं, तरी तुम्ही 12 लाच भरा. शेवटच्या दिवशी पोर्टल रडतं, आणि 16 तारखेला भरलेल्या पैशांचा ‘पोर्टल बंद होतं’ हा खुलासा लिहायला स्क्रीनशॉट लागतो, जो त्या दिवशी कुणीच काढलेला नसतो.