अमेरिकन शेतकऱ्याचं घराणं शोधायचंय? आधी त्याची जमीन गाठा

माझ्या जावयाचं घराणं नेब्रास्कातल्या शेतकऱ्यांचं. नातवंडांसाठी त्यांची वंशावळ मी जुळवत आणली, त्यातून एक गोष्ट पक्की सांगते: एकोणिसाव्या शतकातला शेतकरी नावापेक्षा जमिनीवरून लवकर सापडतो. एका काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, एकाच नावाचे दोघे-तिघे निघतात, आडनावाचं स्पेलिंग तर लिहिणाऱ्याच्या कानावर अवलंबून. शेत मात्र हलत नाही.

जनगणना १८८०पासून धरा आणि मागे जा. त्या वर्षी प्रत्येकाचं कुटुंबप्रमुखाशी नातं आणि त्याच्या आईवडिलांचं जन्मस्थान नोंदलेलं आहे. १८५०च्या आधी मात्र नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं, बाकी माणसं म्हणजे वयोगटाच्या रकान्यातले आकडे. १८९०ची जनगणना १९२१च्या आगीनंतर जवळजवळ उरलीच नाही, तिच्या मागे लागू नका. हे सगळं फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर फुकट पाहता येतं.

१८५० ते १८८०च्या जनगणनांना शेतीचे वेगळे तक्ते जोडलेले आहेत. लोक ते उघडतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. किती एकर कसलेली, किती पडीक, घोडे, दुभत्या गाई, मका किती बुशेल (धान्य मोजायचं माप), वर्षभरात काढलेलं लोणी किती पौंड, सगळं एका ओळीत. एकाच नावाचे दोन शेतकरी वेगळे काढायला याहून चांगलं साधन नाही. अगदी छोटी शेतं मात्र त्यात घेतलेली नसत.

त्यानं सरकारी जमीन घेतली असेल, तर जनरल लँड ऑफिसच्या, म्हणजे सरकारी जमिनी देणाऱ्या जुन्या खात्याच्या, ऑनलाइन नोंदींत पट्टा, म्हणजे मालकी दिल्याचा कागद, शोधा. पट्ट्याचा कागद पाहून थांबू नका, त्यावर फारसं काही नसतं. त्यावरून नॅशनल अर्काइव्ह्ज या अमेरिकेच्या सरकारी दफ्तरखान्यातली मूळ फाइल मागवा. १८६२च्या होमस्टेड कायद्यात १६० एकरांपर्यंत जमीन मिळे, पण पाच वर्षं तिथं राहून, कसून दाखवावी लागे आणि दोन साक्षीदारांच्या जबान्या द्याव्या लागत. घर केवढं, विहीर आहे का, घरात माणसं किती, हे त्या जबानीत येतं. अर्जदार परदेशातून आलेला असेल तर नागरिकत्वाचे कागदही तिथंच. साक्षीदारांची नावं लिहून घ्या: बरेचदा तो मेहुणा असतो, नाहीतर आधीच्या राज्यातला शेजारी, आणि त्याच्या मागावरून तुमचा माणूस आधी कुठं होता ते कळतं.

काउंटी कोर्टातल्या खरेदीखतांची सूची दोन्ही बाजूंनी बघा, विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या. शेतकरी मृत्युपत्र न करता गेला, की वारस मिळून शेत विकत. असं एक खत हाती लागलं तर दिवाळीच: सगळी मुलं, लग्न झालेल्या मुली नवऱ्याच्या आडनावासह, आणि कोण कुठल्या राज्यात राहतं तेसुद्धा. आमच्या वंशावळीतल्या दोन मुलींचा पत्ता मला अशाच खतात लागला. जनगणनेत त्या लग्नानंतर दिसेनाशाच झाल्या होत्या.

काही सापडलं नाही तर काउंटीची स्थापना कधीची ते आधी तपासा. शेत जागेवरच असतं, पण मोठी काउंटी तोडून नवी केलेली असते. जुने कागद बहुधा मूळ काउंटीच्याच कचेरीत राहिलेले असतात, तेव्हा अर्ज तिथं करा.