फॉन्टमधलं एकेक अक्षर वेगळ्या इमेजमध्ये काढायचं असेल तर

बेळगावात डीटीपी नाहीतर बोर्डाच्या कामाला लागलात की हे काम कधी ना कधी गळ्यात पडतंच. फॉन्टची फाइल देतात आणि म्हणतात, यातलं प्रत्येक अक्षर सुटं काढून दे. कशाला पाहिजे ते आधी विचारून घ्या की! उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत अ‍ॅक्रिलिकची अक्षरं कापायला द्यायची असतील तर एसव्हीजी, म्हणजे रेषांची फाइल लागते, मुलांच्या बाराखडीच्या अ‍ॅपला पीएनजी, म्हणजे साधी ठिपक्यांची इमेज चालते, आणि दोन्हीची वाट वेगळी आहे.

फॉन्टफोर्ज हे फॉन्ट एडिट करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा चालते, छोटं स्क्रिप्ट लिहिलं की सगळे ग्लिफ, म्हणजे फॉन्टातले सुटे आकार, एका फोल्डरात येऊन पडतात. इथपर्यंत सोपं. फोल्डर उघडलं की डोकं फिरतं, कारण युनिकोडात, म्हणजे अक्षरांना कोड देणाऱ्या जागतिक यादीत, देवनागरीच्या मुख्य ब्लॉकला जागा १२८ आणि इथं फायली शेकड्यांनी, त्यात अर्धा क, रफार, लांब-आखूड वेलांट्या, सगळं सुटं सुटं. 'क्ष' बहुतेक फॉन्टात तयार सापडतो, पण 'की' शोधत बसाल तर सहसा मिळत नाही, ती क आणि वेलांटी जोडून त्या वेळी तयार होते. म्हणून बाराखडी पाहिजे असेल तर ग्लिफ उपसू नका, अक्षर टाइप करून त्याची इमेज काढा. पायथनात इमेज काढायला पिलो ही लायब्ररी वापरत असाल तर त्यात अक्षरं नीट जोडणारं राक्म चालू आहे का बघा, नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागं जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. भाषा मराठी म्हणून सांगितली तर फॉन्टात सोय असल्यास ल आणि श आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदीवाले.

जुने कृतिदेवसारखे फॉन्ट आले तर जास्त सांभाळा. त्यात मराठी तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेले असतात, त्यामुळं कॅपिटल ए आणि स्मॉल ए हे दोन वेगळे तुकडे, पण विंडोज फाइलच्या नावात कॅपिटल-स्मॉल वेगळं धरत नाही, दुसरी फाइल पहिलीवर बसते आणि एक तुकडा गुपचूप गायब. नावात कोडचा आकडा घाला, ००४१ आणि ००६१, मग भानगड नाही.

इमेज कडेनं छाटायचा मोह होतो, छाटू नका. सगळ्यांचा कॅनव्हास (इमेजचा आकार) आणि बेसलाइन (अक्षर टेकतं ती रेषा) एकच ठेवा, नाहीतर ओळीत लावल्यावर शिरोरेषा वरखाली नाचते.

कर्नाटकात पाटीवर ६० टक्के कन्नड लागतं, त्यामुळं कन्नड फॉन्टही तुमच्याकडं येणारच. तिथं जोडाक्षराचं दुसरं व्यंजन खाली लागतं, ओत्तक्षर म्हणतात त्याला, म्हणून कॅनव्हासला खाली जागा जास्त सोडा.

आणि कापायला द्यायच्या आधी फॉन्टफोर्जमध्ये ओव्हरलॅप काढून टाका. शिरोरेषा आणि अक्षर एकमेकांवर चढलेले असतील तर लेझर आतनंही रेघ मारतं, मग अ‍ॅक्रिलिकचे पैसे कोण भरणार यावर वाद सुरू.