कॉकपिटमधलं पिस्तूल: अर्ज करण्याआधी

अमेरिकेत एअरलाइनमध्ये नव्याने लागलेली आपली मराठी मुलं अधूनमधून मला आडून आडून विचारतात, "दादा, ते एफएफडीओ प्रकरण खरंच असतं का?" असतं. फेडरल फ्लाइट डेक ऑफिसर, म्हणजे कॉकपिटमध्ये सरकारी पिस्तूल बाळगणारा वैमानिक. एक मुदत, म्हणजे पाच वर्षं, मी ते काम केलं. आता यादीत नाही म्हणून लिहितोय. यादीत असताना ही गोष्ट चारचौघांत बोलायची नसते, आणि ज्याला ती सांगायची हौस आहे त्याने या भानगडीत पडूच नये.

११ सप्टेंबर २००१ नंतर वैमानिकांच्या संघटनांनीच ही मागणी लावून धरली. नोव्हेंबर २००२ मध्ये कायदा झाला, आणि एप्रिल २००३ मध्ये जॉर्जियातल्या ग्लिंको इथल्या प्रशिक्षण केंद्रातून ४४ वैमानिकांची पहिली तुकडी शपथ घेऊन बाहेर पडली. सुरुवातीला फक्त प्रवासी विमानांचे वैमानिक घ्यायचे. त्या वर्षाच्या अखेरीस मालवाहू विमानांचे वैमानिक आणि फ्लाइट इंजिनिअरही आले. कारभार टीएसएकडे, म्हणजे विमानतळावर तपासणी करणाऱ्या सरकारी खात्याकडे. काम स्वयंसेवी, त्याचा पगार शून्य.

आधी पात्रता. अमेरिकेचं नागरिकत्व हवं, ग्रीन कार्डावर भागत नाही. नोकरी अमेरिकन एअरलाइनमध्ये हवी, लायसन्स आणि मेडिकल चालू हवं. भारतातून विचारणाऱ्यांसाठी: आपल्याकडे ही सोयच नाही. १९९९ च्या कंदाहार प्रकरणानंतर निवडक विमानांत एनएसजीचे स्काय मार्शल, म्हणजे प्रवाशांत साध्या कपड्यांत बसलेले सशस्त्र रक्षक, बसू लागले, वैमानिकाच्या हातात काही दिलेलं नाही.

मग येते पार्श्वभूमीची तपासणी. इथे आपल्या लोकांची वेगळीच गंमत होते. नातेवाईक कुठे राहतात, कुठल्या देशाचे नागरिक आहेत, सगळं भरायचं असतं. आईचा पत्ता साताऱ्याचा: "दत्तमंदिरामागे, जुन्या पिठाच्या गिरणीशेजारी." फॉर्मला हवा घर क्रमांक आणि रस्त्याचं नाव. आईला फोन केला तर म्हणाली, "पोस्टमनला माहीत आहे की." शेवटी घरपट्टीच्या पावतीवरचा क्रमांक शोधून काढला. त्यात माझा आठवडा गेला. तेव्हा घरून जुनी कागदपत्रं आधीच मागवून ठेवा, आणि तारखा अंदाजाने भरू नका. माहिती एका जागी एक आणि दुसऱ्या जागी दुसरी दिसली, की साधा विसराळूपणाही लपवाछपवी वाटू लागतो.

खरी चाळणी मानसिक तपासणीची. संगणकावरची चाचणी आणि मग मानसशास्त्रज्ञासमोर बसणं. प्रश्न सांगणार नाही, ते सांगायचे नसतात. पण तयारीच्या नावाखाली रेंजवर जाऊन शेकडो गोळ्या झाडणाऱ्यांना एवढं सांगतो, की नेमबाजी नंतर शिकवता येते. वैमानिकांना खरी भीती वेगळीच असते: इथे नापास झालो तर नोकरीवर बालंट येईल. या कामात उतरणाऱ्या वैमानिकाला कंपनीने आडकाठी करायची नाही की सूडबुद्धीने वागवायचं नाही, असं कायदाच सांगतो. तरी धाकधूक राहतेच, ती मलाही होती.

हे काम म्हणजे काय ते मला घरीच कळलं, रात्री जेवताना. बायकोला नियम समजावून सांगत होतो. आमचा अधिकार फक्त कॉकपिटपुरता. केबिनमध्ये मारामारी झाली, कुणाला मारहाण झाली, तरी आम्ही पिस्तूल घेऊन बाहेर जायचं नाही. दार बंद ठेवायचं आणि विमान लवकरात लवकर खाली आणायचं. केबिन क्रू आहे, नशिबाने एअर मार्शल, म्हणजे इथला स्काय मार्शल, असला तर तो आहे. तिने आमटीचा डाव तसाच हातात धरून विचारलं, "आणि दाराबाहेर मी असले तर?"

मी "तेव्हाचं तेव्हा बघू" म्हणालो. ती म्हणाली, "म्हणजे तू दार उघडशील."

त्यानंतर दोन दिवस मी अर्ज पुढे पाठवला नाही. तिला काय उत्तर दिलं ते आमच्यापुरतं, पण ते उत्तर मनात पक्कं झाल्यावरच अर्ज गेला. तुम्हीही घरच्या कुणाला तरी हा प्रश्न विचारायला सांगा, आणि "बघू" असं उत्तर आलं तर थांबा. चित्रपटातल्यासारखं धावत जाऊन चार जणांना वाचवायचं स्वप्न असेल तर ही जागा तुमची नाही. हे काम बसून करायचं आहे, तेही पट्ट्यांनी खुर्चीला बांधलेलं असताना.

बांधलेलं असणं म्हणजे काय, ते न्यू मेक्सिकोतल्या आर्टिशियाला कळलं. प्रशिक्षण सध्या तिथेच चालतं. एल पासोला उतरून ओसाड माळरानातून गाडी हाकत जायचं. गाव तेलाचं, रिफायनरीचा वास वाऱ्याबरोबर येतो. मी फर्स्ट ऑफिसर, म्हणजे उजव्या खुर्चीत. दार डाव्या खांद्याच्या मागे. खांद्यावरचे पट्टे आवळलेले, समोर सगळी उपकरणं, आणि कमरेतून वळायचं पूर्ण मागे. पहिल्या दिवशी माझं कोपर खुर्चीच्या हातावर असं आपटलं की रात्री जेवताना घास उचलताना कळ येत होती. नेमबाजीइतकाच वेळ बळाचा वापर कधी करायचा आणि कधी नाही, या कायद्याच्या तासांना जातो. झटापटीचे डावही असतात. चाळिशीतल्या गुडघ्यांनी त्याची वेगळी तयारी करावी.

पिस्तूल चालवण्यापेक्षा सांभाळणं अवघड. पूर्वी होल्स्टरला, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानाला, आरपार कुलूप घालावं लागे. मार्च २००८ मध्ये डेन्व्हरहून शार्लटला जाणाऱ्या विमानात, उतरण्याआधी पिस्तूल ठेवताना गोळी सुटली आणि विमानाच्या अंगातून आरपार गेली. कुणाला इजा झाली नाही, विमान नीट उतरलं. त्या कुलपाच्या व्यवस्थेला वैमानिक आधीपासून नावं ठेवत होते. माझ्या मते या कामातला सर्वात मोठा धोका अतिरेकी नसून दिवसातून चार वेळा पिस्तूल काढणं-ठेवणं हाच आहे. कंटाळलेला हात चुकतो. ज्यांना गाडीच्या किल्ल्या सापडत नाहीत, त्यांनी आपल्याशी प्रामाणिक राहावं.

राहता राहिला खर्च. पिस्तूल, गोळ्या आणि प्रशिक्षण सरकारचं. प्रवास खिशातून, आणि दिवस आपल्या सुट्टीतले. एकदा पास झालं की सुटलो असंही नाही, वर्षातून दोनदा पुन्हा नेमबाजीची चाचणी द्यावी लागते. नवीन माणसाला महिन्याचं वेळापत्रक मनासारखं मिळत नाही हे तुम्ही जाणताच. त्यात हे दोन दिवस बसवायचे. अर्जाआधी वर्षाचं कॅलेंडर बायकोसमोर, नवऱ्यासमोर, जो असेल त्याच्यासमोर ठेवा. मी ठेवलं नव्हतं. पहिली फेरचाचणी नेमकी भाचीच्या हळदीच्या दिवशी आली, आणि मी कुठे होतो हे आजही तिला सांगितलेलं नाही.