फर्टिलिटी डॉक्टरकडे पहिल्यांदा जाताय? नवऱ्याला सोबत न्या

वर्षभर प्रयत्न करून दिवस गेले नाहीत की डॉक्टर गाठायचे, बाईचं वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच, आणि पाळीच धड येत नसेल तर तेवढंही थांबायचं नाही. मी स्वतः यातून गेलेय, नंतर मावसबहिणीला, मैत्रिणींना घेऊनही गेलेय, त्यामुळे "टेन्शन घेऊ नका, आपोआप होईल" म्हणणाऱ्यांचा आता रागच येतो.

जुनी फाइल आणि पाळीच्या तारखा घेऊन जा.

डॉक्टर आधी प्रश्न विचारतात. पाळी किती दिवसांनी येते, आधी गर्भपात झालाय का, कधी टीबी झाला होता का (टीबीने ट्यूब, म्हणजे गर्भनलिका, बंद होऊ शकतात, म्हणून विचारतात), नवऱ्याला गालगुंड झाले होते का, हर्नियाचं ऑपरेशन झालंय का, तंबाखू, आणि संबंध आठवड्यातून किती वेळा. सासूबाईंना बाहेरच बसवा. नवऱ्यासमोर न सांगण्यासारखं काही असेल तर "डॉक्टर, दोन मिनिटं एकटीशी बोला" म्हणायचं, त्यांना त्यात नवीन काही नसतं.

सोनोग्राफी आतून होते, लघवी करून जा. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गेलात तर हार्मोनचं रक्त आणि फॉलिकलची (अंडाशयातल्या अंड्यांच्या पिशव्यांची) मोजणी एकाच फेरीत उरकते. एएमएच हे हार्मोन कमी आलं म्हणून रडत बसू नका, त्यातून अंडी साधारण किती शिल्लक आहेत याचा अंदाज येतो, ती कशी आहेत ते कळत नाही.

आता नवऱ्याची वीर्याची टेस्ट, सगळं घोडं इथे अडतं. आमचंही अडलं होतं. बायकोच्या हाताला सुया टोचून टोचून भोकं पडली तरी नवरोबा "मी धडधाकट आहे, मला काय झालंय" म्हणत फिरतात, आणि धडधाकटपणाचा शुक्राणूंच्या काऊंटशी काही संबंध नसतो हे सांगायला कोणी धजत नाही. उलट जिममध्ये अंग कमवायला टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्याचा काऊंट शून्यावरही येतो, घेत असेल तर डॉक्टरांना सांगायचंच.

सॅम्पलच्या आधी कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस संबंध नको, हस्तमैथुनही नको. पंधरा दिवस साठवून काऊंट वाढवा म्हणणाऱ्याचं ऐकू नका, तोवर शुक्राणूंची हालचाल मंदावते. गेल्या दोन-तीन महिन्यांत डेंग्यू किंवा जोराचा ताप येऊन गेला असेल तर तेही सांगा, रिपोर्ट त्यानेही बिघडतो.

आम्ही गेलो त्या लॅबमधली खोली म्हणजे स्टोअररूमच, कडी अर्धवट लागणारी, आणि बाहेरून सिस्टर आडनाव पुकारून "झालं का हो?" विचारतेय. अशात कोणाला जमणार! म्हणून आधीच फोन करून घरून आणलेलं चालतं का ते विचारा. चालत असेल तर डबी त्यांचीच घ्या, साधा कंडोम नको, तेल-साबण-थुंकी काही नको, आणि तासाच्या आत पोचवा. पुण्यात हिंजवडीहून संध्याकाळी डेक्कनला निघालात तर तास वाकडलाच संपेल, त्यामुळे सकाळी लवकर निघा नाहीतर घराजवळची लॅब बघा. डबी शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाची ऊब लागेल अशी, स्कूटरच्या डिकीत नाही. पहिला थेंब सांडला तर लपवू नका, सगळ्यात जास्त शुक्राणू त्यातच असतात.

रिपोर्टमध्ये ९६ टक्के शुक्राणूंचा आकार ॲबनॉर्मल वाचून आमच्या ओळखीतला एकजण दोन दिवस जेवला नव्हता, आणि डब्ल्यूएचओच्या हिशोबाने ४ टक्के नॉर्मल असले तरी चालतं! काऊंटची खालची मर्यादा एका मिलिलीटरला १ कोटी ६० लाख. एक रिपोर्ट खराब आला तर पुन्हा करायचा, त्याआधी गूगल करायचं नाही.

पहिल्याच भेटीत आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबीच्या) पॅकेजचा कागद पुढे आला तर घरी घेऊन या, सही नको. आयव्हीएफच का, ट्यूब उघड्या आहेत का ते बघितलं का, हे तोंडावर विचारा. २०२१ च्या एआरटी, म्हणजे अशा उपचारांच्या, कायद्यानुसार सेंटरची नोंदणी लागते, तो नंबरही मागा, रिसेप्शनवाली तोंड वाकडं करेल, करू दे. पुढच्या तपासण्या पाळीच्या दिवसावर ठरतात, तेव्हा पाळी आली की त्याच दिवशी फोन करायचा, आणि रविवारी आली तर कोणत्या नंबरवर ते निघतानाच लिहून घ्या.