पहिल्या एए मीटिंगआधीची तयारी

दारू सोडायची असे मनाशी ठरले, तरी 'एए'च्या, म्हणजे पिणे थांबवू पाहणाऱ्यांच्या सहायता गटांच्या, कोणत्या मीटिंगला जायचे हा प्रश्न आठवडेच्या आठवडे भिजत पडतो आणि तेवढे दिवस पिणे चालूच राहते. म्हणून ही तयारी एकाच दिवशी, शक्यतो सकाळी, डोके ताळ्यावर असताना करून टाकावी.

जो माणूस रोज पितो, सकाळी ज्याचे हात थरथरतात आणि दोन घोट पोटात गेल्याशिवाय ज्याला चहाचा कपसुद्धा धड धरता येत नाही, त्याने मीटिंगच्याही आधी डॉक्टर गाठावा. अशी रोजची दारू एकाएकी बंद केली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भास आणि भ्रम सुरू होऊ शकतात, आणि प्रसंगी हे जिवावर बेतते. सहायता गट हा उपचाराचा भाग असला, तरी तो दवाखाना नव्हे. जवळचे व्यसनमुक्ती केंद्र ठाऊक नसल्यास केंद्र सरकारच्या १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर किंवा मानसिक आरोग्यासाठीच्या 'टेली मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर विचारावे.

मग गट शोधावा. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचे 'एए', १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात सुरू झाले आणि १९५७ मध्ये मुंबईत पोहोचले. तिथे फी नाही आणि पिणे थांबवण्याची इच्छा असणे याखेरीज सदस्यत्वाची अट नाही. चौकशी करताना मीटिंग 'ओपन' आहे की 'क्लोज्ड', हे आवर्जून विचारावे. ओपन मीटिंगला पत्नी, भाऊ, मित्र असे कोणीही सोबत येऊ शकते. क्लोज्ड मीटिंग फक्त ज्याला पिण्याचा प्रश्न आहे त्याच्यासाठी असते. भाषाही विचारावी, कारण मुंबईसारख्या शहरात एका गटाची मीटिंग इंग्रजीत, तर दुसऱ्याची हिंदी किंवा मराठीत चालते. इंग्रजी उत्तम येत असले, तरी बायकोच्या मंगळसूत्रापर्यंत पोहोचलेला हात इंग्रजीत सांगता येईलच असे नाही. ईश्वराचा उल्लेख खटकत असेल, तर एएच्या कार्यक्रमाच्या बारा पायऱ्यांपैकी तिसऱ्या आणि अकराव्या पायरीत ईश्वर 'आम्हाला उमगला तसा' एवढी मोकळीक ठेवलेली आहे हे लक्षात घ्यावे. तरीही मन मानत नसेल, तर व्यसनमुक्ती केंद्रांच्या पाठपुराव्याच्या बैठका पाहाव्यात. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आणि वांद्र्यात १९८१ साली सुरू झालेले कृपा फाउंडेशन ही नावे त्यासाठी बहुतेकांना परिचित आहेत.

वेळ आणि रस्ता या दोन गोष्टींना मात्र यादीत सर्वांत जास्त जागा द्यावी, कारण नवखा माणूस गळतो तो बहुधा इथेच. आपली 'बसण्याची' वेळ कोणती, हे प्रामाणिकपणे लिहून काढावे आणि नेमक्या त्याच वेळेची मीटिंग निवडावी. माझी वेळ संध्याकाळी साडेसातची होती. मी मात्र रविवारी सकाळची मीटिंग सोयीची म्हणून धरली आणि उरलेले सहा दिवस साडेसात वाजता परमिट रूमच्या त्याच कोपऱ्यातल्या टेबलावर चखण्याची बशी पुढे ओढत राहिलो. त्याचप्रमाणे कार्यालयातून मीटिंगपर्यंतचा रस्ता एकदा न पिता चालून पाहावा. वाटेत ओळखीचे दुकान लागत असेल, तर दोन थांबे आधी उतरून दुसऱ्या गल्लीने जावे. घराशेजारच्या गटात ओळखीचे कोणी भेटेल अशी धास्ती वाटत असल्यास पहिले काही आठवडे पलीकडच्या उपनगरातला गट धरण्यात कमीपणा नाही. अर्थात, जो ओळखीचा तिथे भेटेल, तोही त्याच कारणासाठी आलेला असेल.

स्त्रियांनी गटात इतर स्त्रिया येतात का, हे फोनवरच विचारून घ्यावे आणि केवळ स्त्रियांची मीटिंग असल्यास तिला प्राधान्य द्यावे. घरच्यांनी स्वतःसाठी अल-ॲनॉन, म्हणजे पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांचा गट, वेगळा शोधावा. नवरा येवो वा न येवो, पत्नीला तिथे जाता येते.

त्या दिवशी पोटभर खाऊन निघावे, कारण रिकाम्या पोटी तलफ लवकर चाळवते. खिशात परतीच्या भाड्यापुरतेच पैसे ठेवावेत आणि दहा मिनिटे आधी पोहोचावे. जागा बहुधा शाळेचा वर्ग किंवा चर्चचा हॉल असते. बाहेर मोठी पाटी असेलच असे नाही, म्हणून खोलीचा नेमका ठावठिकाणा आधी विचारून ठेवावा. आत गेल्यावर आडनाव सांगावे लागत नाही. शेअरिंगची, म्हणजे स्वतःचा अनुभव सांगण्याची, पाळी आली आणि बोलवत नसेल, तर 'आज मी फक्त ऐकतो' एवढे म्हटले तरी चालते. खर्चासाठी पिशवी फिरते, परंतु नवख्याने तीत काही टाकलेच पाहिजे असे नाही.

एका मीटिंगवरून मत बनवू नये. एका गटात जुनी मंडळीच तासभर बोलतात, दुसऱ्यात वातावरण फारच गंभीर असते, तिसऱ्यात आपल्याच वयाचा, आपल्याच धंद्यातला माणूस समोर बसलेला असतो. निदान तीन गट पाहावेत आणि श्रावण पाळून झाला की ठरवू, असे म्हणू नये. गटारीच्या रात्री असे ठरवणाऱ्यांत मी चार वर्षे होतो. निघताना दोघांचे फोन क्रमांक मागून घ्यावेत आणि त्यांतल्या एकाला दुसऱ्या दिवशी, तलफ नसतानाच, एकदा फोन करून पाहावा, म्हणजे ती आली की पहिला फोन जड जात नाही.