शिडाच्या बोटीत एकट्याने वादळ कसे काढावे

दक्षिण महासागरात चाळीस अंश दक्षिण अक्षांशाच्या खाली कमी दाबाची क्षेत्रे पश्चिमेकडून एकामागून एक येत राहतात, त्यामुळे तिथून एकट्याने जाणाऱ्याला वादळ टाळण्यापेक्षा ते अंगावर घेऊन निभावायचे कसे, हेच आधी शिकावे लागते. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केलेल्या अभिलाष टॉमी यांची दुसरी बोट 2018 च्या ‘गोल्डन ग्लोब’ या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात उलटली, डोलकाठी मोडली, पाठीला गंभीर दुखापत झाली आणि सुटका व्हायला तीन दिवस लागले. मदत इतकी लांब असते, हे गृहीत धरूनच तयारी करावी.

बॅरोमीटर दर तासाला एक हेक्टोपास्कल किंवा त्याहून अधिक वेगाने घसरत असेल, तर अंगात त्राण आहे तोवरच शिडे कमी करावीत. दमल्यावर तेच काम दुप्पट वेळ खाते. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिल्यास दक्षिण गोलार्धात कमी दाबाचे केंद्र उजव्या हाताला असते. वायव्येचा वारा एकदम नैर्ऋत्येकडे वळला, की नव्या लाटा जुन्या लाटांवर तिरक्या चढतात. माझ्या मते वारा ऐन भरात असतो त्या वेळेपेक्षा हेच तास अधिक घातक असतात.

थांबण्याची जुनी आणि भरवशाची रीत म्हणजे ‘हीव्ह टू’. मुख्य शीड रीफ करून, म्हणजे काही भाग गुंडाळून बांधून, लहान करावे, पुढे छोटे वादळी शीड ठेवावे आणि त्याचा दोर न सोडता बोटीची नाळ (पुढचे टोक) वाऱ्यातून दुसऱ्या अंगाला फिरवावी. पुढच्या शिडात आता उलटा वारा भरतो आणि ते नाळ वाऱ्यापासून दूर ढकलते. सुकाणूचा दांडा वाऱ्याआडच्या, म्हणजे वारा जिकडे वाहतो त्या बाजूला बांधून ठेवला, की सुकाणू तीच नाळ वाऱ्याकडे आणू पाहते. या ओढाताणीत बोट वाऱ्याशी सुमारे पन्नास अंशांवर स्थिरावते आणि हळूहळू आडवी सरकते. वाऱ्याकडच्या बाजूला पाण्याचा गुळगुळीत पट्टा दिसला, तर रचना जमली असे समजावे. ताशी दीड सागरी मैल सरकले तरी दिवसभरात छत्तीस मैल होतात, म्हणून वाऱ्याआड किनारा किंवा खडक नाही ना, हे नकाशावर आधीच पाहावे.

हलक्या, अरुंद कण्याच्या (तळाखालच्या पात्याच्या) आधुनिक बोटी अशा नीट थांबत नाहीत. तसेच बोटीच्या रुंदीइतकी उंच फुटणारी लाट आडवी बसली तर बोट उलटू शकते. अशा वेळी बोटीच्या मागून ड्रोग (पाण्यात ओढला जाऊन वेग आवरणारे साधन) सोडून वाऱ्यासोबत संथपणे जावे. शंभराहून अधिक कापडी शंकूंचा मालिका-ड्रोग वेग चांगला आवरतो, मात्र तो एकट्याने परत ओढून घेणे कंबरतोड काम आहे. दोर जिथे बोटीला घासतो तिथे रबरी नळीचा तुकडा चढवावा आणि दर काही तासांनी दोर वीतभर सोडावा, म्हणजे घासण्याची जागा बदलते.

बोट तरंगत असेपर्यंत तराफ्यात उतरू नये. 1979 च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत 15 खलाशी दगावले, आणि सोडून दिलेल्या कित्येक बोटी नंतर तरंगत्या सापडल्या. आत असताना दार बंद ठेवावे, बाहेर पडण्याआधी हार्नेस (बोटीला जखडून ठेवणारा पट्टा) अडकवावा, थर्मासमध्ये गरम पाणी आधीच भरून ठेवावे आणि गजर लावून वीस-वीस मिनिटांच्या डुलक्या घ्याव्यात.

वारा पडला तरी समुद्र लगेच निवत नाही. लाटांचे माथे फुटायचे थांबेपर्यंत शिडे वाढवू नयेत. त्या वेळात तळाचे पाणी उपसावे आणि डोलकाठीच्या तारांचे सांधे दुर्बिणीने तपासावेत.