खिशातला चाकू घेताय? पात्याची जाडी बघून घ्या, धारेच्या लगेच वरची

चाकू घेताना बहुतेक लोक स्टील कुठलं ते विचारतात, नाहीतर लॉक किती मजबूत आहे ते बघतात, आणि हातात जड, दणकट लागला की पैसे देऊन मोकळे. मग ट्रेकला जाऊन भेळेसाठी कांदा-टोमॅटो कापायला बसलं की टोमॅटो चेपतो, गाजर अर्ध्यातच कट्कन तडकतं, पेरूची फोड उडून मातीत. धार नसते असं नाही हो, धार असते, कागद सर्रकन कापतो तो चाकू, पण पातं जाड असतं. धार नुसती आत शिरायला वाट करून देते, त्यानंतर मागून येणारं पातं त्या वाटेतून जायचं असतं आणि ते जाड असलं की पाचरीसारखं दोन्ही बाजूंना ढकलत जातं. लाकूड फोडायला ते बरंय, गाजराला नाही.

तर पहिली गोष्ट ही बघा. पात्याच्या अगदी खाली धारेची एक चकचकीत बारीक पट्टी असते, ती जिथे संपते तिथली जाडी. तिथे 0.3 मिलिमीटरच्या आसपास असेल तर चाकू मस्त कापणार, 0.5 पर्यंत चालवून घेता येतं, 0.7 च्या पुढे गेलं की फळं-भाज्या कापताना जाणवायला लागतं. गंमत म्हणजे कंपन्या हा आकडा सहसा देतच नाहीत, त्या पाठीची, म्हणजे धारेच्या विरुद्ध बाजूच्या वरच्या कडेची, जाडी देतात, आणि दुकानदाराला विचारलं तर तो आपल्याकडेच बघत बसतो. व्हर्नियर कॅलिपर (बारीक जाडी मोजायचं साधन) असेल तर प्रश्नच नाही, नसेल तर त्या चकचकीत पट्टीची रुंदी बघा. धार प्रत्येक बाजूला 20 अंशांनी लावलेली धरली तर पट्टी 1 मिमी रुंद असताना तिच्या वरची जाडी साधारण 0.7 मिमी निघते आणि पट्टी अर्धा मिमी असेल तर 0.35 च्या आसपास. म्हणजे पट्टी डोळ्यांना जेवढी बारीक, तेवढं पातं खाली पातळ. ऑनलाइन घेताना फोटो झूम करून एवढं तरी नक्की बघता येतं (मात्र धार कमी-जास्त अंशात लावलेली असेल तर हा हिशोब थोडा हलतो).

आता पाठ. पाठ 2 मिमीच्या आत असेल तर फार चुकायची शक्यता नाही. पण नुसत्या पाठीवर जाऊ नका, पात्याची उंची, म्हणजे पाठीपासून धारेपर्यंतचं अंतर, ते पण बघावं लागतं. 3 मिमी पाठीचं पातं 3 सेंटिमीटर उंच असेल आणि पाठीपासून थेट धारेपर्यंत सरळ उतरत आलं असेल (याला फुल फ्लॅट ग्राइंड म्हणतात) तर ते बऱ्यापैकी छान कापतं, आणि तेच 3 मिमीचं पातं वरचा अर्धा भाग तसाच जाड ठेवून खालच्या दीड सेंटिमीटरमध्ये उतरवलं तर उतार दुप्पट झाला, कापायला तेवढंच वाईट. हा दुसरा प्रकार म्हणजे सेबर ग्राइंड, टॅक्टिकल नावाने विकल्या जाणाऱ्या काळ्या चाकूंमध्ये हाच जास्त दिसतो. ते चाकू दिसायला भारी असतात, मान्य, पण सफरचंद कापायला माझ्या मते निरुपयोगी. अर्धं पातं दातेरी असलेलं पण नको, दोरी कापायला ठीक, टोमॅटोच्या सलग चकत्या त्याने निघत नाहीत आणि घरी धार लावायचे हाल.

नाव घेऊन सांगायचं तर माझं पहिलं मत ओपिनेल नंबर 8 ला. फ्रान्सच्या सावोआ भागातला हा शेतकऱ्यांचा चाकू, जोझेफ ओपिनेलने 1890 मध्ये बनवलेला, आणि आजही जवळपास तसाच. पातं साडेआठ सेंटिमीटर, पाठ पावणेदोन मिमीच्या आत, बाजू किंचित फुगीर उतरत आलेल्या, बीच लाकडाची मूठ, अख्खा चाकू 50 ग्रॅमच्या आसपास. लॉक म्हणजे फक्त एक फिरणारी कडी, ती 1955 पासून आली. स्प्रिंग नाही, बटण नाही, बिघडण्यासारखं फार काही नाहीच त्यात. साडेआठ सेंटिमीटर लांबी यासाठी बरी की नेहमीचं सफरचंद एका कापात आरपार होतं. हात लहान असेल तर 8 सेंटिमीटरचा नंबर 7 घ्या.

ओपिनेल कार्बन आणि इनॉक्स, म्हणजे स्टेनलेस, अशा दोन स्टीलमध्ये मिळतो. कार्बनला धार लावायला मजा येते हे खरंय, पण आपल्याकडे पावसाळ्यात सह्याद्रीत फिरणार असाल तर सरळ इनॉक्स घ्या. कार्बनवर कैरी नाहीतर लिंबू कापलं आणि तसंच ठेवलं की पातं काळं पडतं, ओल राहिली तर गंज चढतो, आणि कापलेल्या फळाला लोखंडी वास येतो. लाकडी मुठीचं दुखणं मात्र दोन्हींना सारखं, पावसात लाकूड फुगतं आणि पातं खाचेत इतकं घट्ट बसतं की नखाने उघडत नाही. तेव्हा कडी उघड्या स्थितीत आहे ना ते बघून मुठीचं मागचं टोक दगडावर हलकंसं आपटायचं, पातं थोडं बाहेर येतं, मग धरून उघडायचं. सावोआतले लोकही असंच करतात. नवीन असतानाच मुठीला जवसाचं तेल चोळून दोन-तीन दिवस सुकू दिलं तर हा त्रास बराच कमी होतो.

लाकूड नकोच असेल तर व्हिक्टोरिनॉक्स. लाल स्विस नाइफमधलं मोठं पातं पातळच असतं, स्टील मऊसर असल्यामुळे धार लवकर उतरते पण तितक्याच लवकर परत लागते. कॅडेट नावाचं ॲल्युमिनियमच्या मुठीचं मॉडेल खिशात कळतही नाही इतकं सपाट आहे, फक्त त्याला लॉक नाही, त्यामुळे टोक खुपसायची कामं करू नका, पातं बोटांवर मिटेल. बाजारात हुबेहूब लाल मुठीचे नकली चाकू ढिगाने असतात, पात्याच्या बुडाशी कंपनीचं नाव नीट कोरलेलं आहे का ते बघूनच घ्या.

दुकानात चाकू हातात मिळाला तर कागद कापून बघू नका, त्यातून फक्त धार कळते. खिशात एक गाजर घेऊन जा, लाजायचं काय त्यात. जाड गाजराची मधोमध चकती पाडा. पातं शेवटपर्यंत शांतपणे गेलं तर चाकू घ्या, मध्येच कट् आवाज येऊन गाजर तडकलं तर ठेवून द्या, मग स्टील कितीही महागडं असो.

पातळ पात्याकडून काही कामं होत नाहीत हे आधीच मान्य करून घ्या. नारळ, हाडं, डब्याचं झाकण उचकटणं, लाकडात खुपसून पिळणं, यातलं काहीही केलं की धारेला खांडे पडतात नाहीतर टोक तुटतं. विमानात केबिन बॅगेत चाकू चालत नाही, चेक-इनच्या बॅगेत टाका. मेट्रोच्या चेकिंगला पण अडवू शकतात. शिवाय आपल्याकडे सण, निवडणुका, मोर्चे असले की महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली मनाई आदेश निघतात, त्यात शस्त्रांबरोबर सुऱ्या-चाकू पण येतात, अशा दिवसांत शहरात खिशात घेऊन फिरू नका.

धार लावायला 1000 ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या बारीकपणाचा आकडा) दगड पुरतो. पातं 2 सेंटिमीटर उंच असेल तर पाठ दगडापासून साधारण 5 मिमी वर धरा, म्हणजे 15 अंश येतात, आणि दाब अगदी कमी. रस्त्यावरच्या फिरत्या चाकावर हा चाकू देऊ नका, पातळ पातं तापतं आणि त्या जागचं पाणी उतरतं, म्हणजे स्टील तिथे मऊ पडतं. दोन-चार वर्षं धार लावून लावून ती चकचकीत पट्टी हळूहळू वर सरकते, रुंद होते, आणि चाकूला धार असूनही तो अडकायला लागतो. तेव्हा पाठ दगडाच्या जवळ आणून, 2-3 मिमीवर धरून, पट्टीच्या वरचा भाग दोन्ही बाजूंनी सारखा घासून घ्यायचा, पट्टी परत बारीक झाली की नेहमीच्या अंशात शेवटची धार द्यायची आणि जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर पाठीच्या दिशेने आठ-दहा वेळा ओढायचा.